शेवटचे वीस अंश

अरुंद उतारावर हार्डबूट, म्हणजे स्नोबोर्डचे कडक प्लास्टिकचे बूट, घेऊन कशाला तडमडायचं, असं मला इथले स्नोबोर्डवालेच विचारतात आणि त्यांचं काही चूकही नाही. हार्डबूटवाल्यांचा रिवाजच असा की सकाळी पहिली लिफ्ट पकडायची, डोंगरावरचा सगळ्यात रुंद, रात्री बर्फ सपाट करायचं मशीन फिरवून ठेवलेला उतार गाठायचा, तासभर मनसोक्त मोठमोठे टर्न मारायचे आणि साडेदहाच्या सुमारास गर्दी वाढली की कॉफी घेऊन बसायचं आणि गर्दीला शिव्या घालायच्या. मीही हे सगळं करते, शिव्यांसकट. पण गेले काही हिवाळे मी मुद्दाम जंगलातून उतरणाऱ्या त्या चिंचोळ्या पट्ट्यांवर जायला लागलीये, जिथे दोन्ही बाजूंना झाडं आणि मधे जेमतेम दहा मीटर बर्फ असतो, आणि खरं सांगायचं तर आता रुंद उतारावर मला थोडं बोअर होतं.

आम्ही म्युनिकला राहतो. इथून दीड-दोन तासांत ऑस्ट्रियातले बरेच डोंगर येतात, आणि जवळचं हवं असेल तर ब्राउनेक आणि सुडेलफेल्ड आहेतच. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या लोकांना 'स्कीइंग' म्हटलं की समजतं, स्नोबोर्ड म्हटलं की ढगळ पँट आणि हवेतल्या उड्या डोळ्यांसमोर येतात. माझं प्रकरण या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे आधी सामानाबद्दल सांगते.

नेहमीच्या स्नोबोर्डला मऊ बूट असतात आणि ते पट्ट्यांनी बोर्डावर आवळायचे. हार्डबूट म्हणजे प्लास्टिकचा कडक बूट, स्कीच्या बुटासारखाच बकलांचा, आणि खाली बाइंडिंग म्हणजे धातूची प्लेट, तिला पुढे-मागे जाड तारेचे हूक. बूट त्यात खटकन बसतो आणि पडलात तरी सुटत नाही. बोर्ड लांब आणि निमुळता, मधे कंबरेपाशी अठरा ते वीस सेंटिमीटर रुंद. आता कुणाचंही पाऊल त्याहून लांबच असणार, म्हणजे पाय आडवे लावले तर बोर्ड कलला रे कलला की बोटं नाहीतर टाच बर्फात घासणार आणि तुम्ही तिथेच आडवे. म्हणून पाय आडवे लावायचेच नाहीत, पंचावन्न-साठ अंशांत पुढे वळवून लावायचे. नेहमीचा स्नोबोर्डवाला खेकड्यासारखा बाजूला तोंड करून जातो, आपण बऱ्यापैकी समोर बघत जातो. हे सगळं कशासाठी, तर कार्व्हिंगसाठी. बोर्ड घसरवायचा नाही, फरपटवायचा नाही, फक्त त्याच्या कडेवर उभं राहायचं आणि ती कड बर्फात सुरीसारखी चालवायची. मागे वळून बघितलं तर बर्फावर एक बारीक चिरलेली रेघ दिसली पाहिजे, घसरल्याचा पसरट पिसारा नाही.

कड चालते तेव्हा बोर्ड वळतो कसा, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. घरी एक लग्नपत्रिका पडली होती, जाड कागदाची, तिची एक लांब कड मी कात्रीने आतल्या बाजूला किंचित गोलाकार कापली आणि पत्रिका टेबलावर त्या कडेवर तिरकी धरून मधे बोटाने दाबली. पत्रिका वाकली आणि कडेनं टेबलावर एक कमान धरली. जास्त तिरकी धरली की कमान अजून आवळली. बस, एवढंच आहे सगळं. बोर्डाच्या कडेला कापलेली गोलाई म्हणजे साइडकट, आणि तिची त्रिज्या गुणिले तुम्ही बोर्ड जेवढा कलता केलाय त्या कोनाचा कोसाइन, म्हणजे साधारण तुमच्या टर्नची त्रिज्या. दहावीनंतर कोसाइनची आणि माझी गाठ इथे बर्फात पडेल असं काही वाटलं नव्हतं.

माझ्या बोर्डाची त्रिज्या दहा मीटर आहे असं धरा. पंचेचाळीस अंश कलता केला तर टर्न सात मीटर त्रिज्येचा, साठ अंशांना पाच मीटरचा. आता कार्व्हिंगमध्ये ब्रेक नसतो. घसरायचंच नाही म्हटल्यावर वेग आवरायचा एकच मार्ग राहतो, तो म्हणजे टर्न पूर्ण करायचा, बोर्डाचं तोंड उतारापासून नव्वद अंश फिरवून पार आडवं न्यायचं, जमलं तर थोडं वर चढवायचं. म्हणजे डावीकडे एक अर्धवर्तुळ, उजवीकडे एक अर्धवर्तुळ. आणि यासाठी लागणारी रुंदी त्रिज्येच्या दुप्पट. पाच मीटरच्या टर्नला दहा मीटर. जंगलातला पट्टा दहा मीटरचा, त्यात एका कडेला कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफेचा पाइप आणि दुसरीकडे मऊ बर्फाचा ढीग, म्हणजे हातात खरे आठ-साडेआठ. बसत नाही.

मग काय करतात लोक, तर टर्न अर्धवट सोडतात. सत्तर अंशांपर्यंत वळवायचं आणि दुसऱ्या कडेवर जायचं. आणि इथे गंमत बघा, हिशोब केला तेव्हा मी स्वतः चकित झाले होते. त्याच पाच मीटरच्या टर्नला सत्तर अंशांपर्यंतच नेलं तर रुंदी फक्त साडेसहा मीटर लागते. म्हणजे शेवटचे वीस अंश एकटेच साडेतीन मीटर खातात. त्यामुळे ते सोडून द्यायचा मोह होतोच होतो, कारण जागा लगेच ऐसपैस वाटायला लागते. पण सत्तर अंशांवर उताराची ओढ अजून एक तृतीयांश शिल्लक असते. नव्वदवर शून्य होते. म्हणजे वेग मोडायचं जे काय काम आहे ते त्या शेवटच्या वीस अंशांत आहे, आणि अरुंद उतार नेमके तेच तुमच्याकडून काढून घेतो. पहिले दोन टर्न छान जातात, तिसरा जरा जोरात, चौथ्याला बोर्ड थरथरायला लागतो आणि पाचव्याला तुम्ही कार्व्हिंग वगैरे विसरून बोर्ड आडवा फेकून खर्रर्र करत थांबता. चिंचोळ्या पट्ट्यांच्या तोंडाशी बर्फ जो घासून घासून गुळगुळीत झालेला असतो ना, तो या पाचव्या टर्नांनीच.

हे कोडं मला सोडवून दिलं एका आजोबांनी. नव्वदच्या दशकात आल्प्समध्ये हार्डबूट सर्रास दिसायचे, आता एखाद्या डोंगरावर दिवसभरात दोन-तीन दिसले तरी आपण हात करतो. हे आजोबा त्या काळातले, बूट पिवळे पडलेले, एका बकलाच्या जागी वायर गुंडाळलेली. इथे हजार मीटरच्या वर गेलं की अनोळखी माणसालाही एकेरीच हाक मारायची असा रिवाज आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये शेजारी बसल्या बसल्या त्यांनी सरळ विचारलं, "तू टर्न कुठे सुरू करतेस?" मी म्हटलं, कुठे म्हणजे, बोर्ड खाली वळायला लागला की. ते म्हणाले, "तोवर अर्धा टर्न गेला की तुझा. खाली तोंड व्हायच्या आधी कडेवर पूर्ण उभी राहा, मग खाली काही करावंच लागत नाही." आणि उतरून गेले. मी त्यांच्या मागे गेले, म्हणजे जायचा प्रयत्न केला. त्या पट्ट्यावर त्यांची रेघ बघितली तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, दोन्हीकडे मीटरभर सोडून, एकसारखी, आणि वेग पहिल्या टर्नला होता तोच शेवटच्याला.

आता याचा हिशोब परत मांडू. साठच्या ऐवजी बोर्ड पासष्ट अंश कलता झाला तर त्रिज्या पाचवरून सव्वाचारच्या आसपास येते. अख्खं अर्धवर्तुळ साडेआठ मीटरमध्ये बसतं. फक्त पाच अंश जास्त कल, आणि शेवटचे वीस अंश परत तुमच्या खिशात. आजोबांचं म्हणणं ते हेच, की हा कल टर्नच्या वरच्या अर्ध्या भागातच यायला हवा, कारण खालच्या अर्ध्यात तो द्यायला गेलात तर तोवर रुंदी संपलेली असते.

सांगायला सोपं आहे. अडचण अशी की कमी वेगात एवढं झुकता येत नाही. ताशी पंचवीस किलोमीटरने सव्वाचार मीटरच्या वळणावर जाताना शरीर साधारण पन्नास अंश झुकलं तर तोल राहतो (हा सपाट जागेचा हिशोब, उतारावर थोडा इकडेतिकडे), त्याहून जास्त झुकलात तर आतल्या बाजूला सरळ पडणार. मग बोर्ड पासष्टला आणि शरीर पन्नासला, हे मधले पंधरा अंश आणायचे कुठून? तर गुडघ्यातून आणि कमरेतून. शरीर झुकवायचं नाही, मोडायचं. खालून गुडघे टर्नच्या आत ढकलायचे, वरून खांदे बाहेरच्या बाजूला ठेवायचे, कमरेत घडी पडते. आणि इथे त्या कडक प्लास्टिकचं मोल कळतं. मऊ बुटात गुडघा आत ढकलला की निम्मं ढकलणं घोट्यातच जिरतं. हार्डबूटात गुडघा इंचभर हलला की ते थेट कडेपर्यंत पोचतं. चांगलं आणि वाईट दोन्ही पोचतं, हा भाग वेगळा.

बोटांकडच्या बाजूचा टर्न मला यात लवकर जमला. टाचेकडचा मात्र अजून त्रास देतो. त्यात बूड बर्फाकडे न्यायचं असतं, आणि बूड नेलं की आपोआप खांदेही मागे जातात, घडी उलगडते आणि सगळं शरीर एका सरळ लाकडासारखं झुकतं. मग बोर्ड पंचावन्नला अडकतो आणि टर्न मोठा होतो, झाडं जवळ येतात. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे पुढचा हात मागच्या गुडघ्याच्या दिशेने नेणं. असं का होतं ते मला नीट सांगता येणार नाही पण खांदा खाली राहतो खरा. आणि दोन टर्नच्या मधे उभं राहायचं नाही. रुंद उतारावर आपण एक टर्न संपवून, उंच होऊन, श्वास घेऊन, मग दुसऱ्यात शिरतो. इथे तो श्वास परवडत नाही. गुडघे पोटाकडे ओढून घ्यायचे, बोर्ड शरीराखालून पलीकडे जाऊ द्यायचा आणि पाय परत लांब करायचे, डोकं जवळपास सरळ रेषेत खाली जात राहतं आणि बोर्ड त्याच्या इकडून तिकडे फिरत राहतो.

हे शिकायला मी आधी चुकीच्या नाही पण भलत्या ठिकाणी बघत होते असं म्हणता येईल. एक तर ते स्विस लोकांचं एक्स्ट्रीम कार्व्हिंग, पात्रीस फिवा आणि जाक रिलिए या दोघांनी नावारूपाला आणलेलं, ज्यात माणूस टर्नमध्ये अख्खा बर्फावर आडवा होतो, छाती-पोट टेकतात. बघायला अप्रतिम. ते लोक टर्न शेवटपर्यंत पूर्ण करतात, अगदी वर चढवतात, पण त्यात शरीर आणि बोर्ड दोन्ही मिळून झुकतात, त्यामुळे उतार तीव्र हवा आणि रुंदी भरपूर हवी. जंगलातल्या पट्ट्यावर असं आडवं झालात तर पुढचा टर्न झाडाच्या बुंध्यातच. दुसरं म्हणजे रेस. स्नोबोर्ड ऑलिम्पिकमध्ये आला १९९८ ला नागानोला, तेव्हा एकेकट्याने जायंट स्लॅलम, म्हणजे खांबांना वळसे घालत उतरायची शर्यत, होती, २००२ पासून दोघं शेजारी शेजारी उतरणारी पॅरलल जायंट स्लॅलम झाली. २०१८ मध्ये चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्काने त्यात सुवर्ण घेतलं आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये स्कीच्या सुपर-जी शर्यतीतही, ते आठवत असेल. यातला छोटा भाऊ म्हणजे पॅरलल स्लॅलम, खांब दहा ते चौदा मीटरवर, ऑलिम्पिकमध्ये तो फक्त २०१४ ला सोचीत झाला आणि पुरुषांमध्ये व्हिक वाइल्डने दोन्ही प्रकारांतली सुवर्णं नेली. वर्ल्ड कपमध्ये मात्र तो चालू आहे. आता पॅरलल स्लॅलमची लेन म्हणजे अरुंदच की, म्हणून मी ते व्हिडिओ स्लो करून करून बघायचे. कड बदलायचा झपाटा शिकावा तर त्यांच्याकडून, बोर्ड पायाखालून असा निघतो की कळतच नाही. पण रेसवाल्याला वेग मोडायचाच नाहीये. तो शेवटचे वीस अंश आनंदाने सोडून देतो, किंबहुना चाळीस सोडतो. त्याच्या दृष्टीने टर्न पूर्ण करणं म्हणजे वेळ घालवणं.

कडेबद्दल एक सांगितलंच पाहिजे कारण अरुंद पट्टे बहुतेक सावलीत असतात आणि सावलीत बर्फ टणक. तळघरात बोर्ड उभा आवळून मी बाजूची कड सत्त्याऐंशी अंशांना घासते. कोन धरून ठेवणाऱ्या गाइडमध्ये फाइल, म्हणजे कानस, बसवायची, एका दिशेने लांब लांब ओढायची, मग हिऱ्याच्या पट्टीने बुर, म्हणजे कडेवर उरलेली धातूची खरखर, काढायची. झालं की नाही हे बघायला अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढायचं, नखाचा पांढरा किस निघाला पाहिजे. सगळ्या लांबीवर, दर वीतभर अंतरावर. पुढच्या पायाच्या टाचेखाली माझी कड कायम आधी बोथट होते आणि नेमकं तिथेच मला टाचेकडच्या टर्नमध्ये पकड हवी असते. टर्न न जमायचं निम्मं कारण कधी कधी एवढंसं असतं, आणि आपण तिकडे कोसाइन काढत बसतो.

आता लोकांचा प्रश्न. दहा मीटरच्या पट्ट्यावर मी काठापासून काठापर्यंत जाणार म्हणजे अख्खा रस्ता मी घेणार. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड फेडरेशनचे दहा नियम इथे प्रत्येक लिफ्टपाशी लावलेले असतात. तिसरा सांगतो की मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होणार नाही. म्हणजे कायदा माझ्या बाजूचा. पण मागून येणारा स्कीवाला काय बघतो, तर एक बाई उजव्या कडेने चाललीये, डावीकडे जागा आहे, चला. त्याला कुठे माहितीये की मी दोन सेकंदांत डावीकडे उगवणार आहे, आणि माझा डावा पाय पुढे असल्यामुळे टाचेकडच्या टर्नमध्ये डाव्या खांद्यामागचं मला काही दिसत नाही. आईला एकदा व्हिडिओ पाठवला होता तर तिचं टर्नकडे लक्षच नाही. "तो निळ्या जॅकेटवाला मागून येतोय ते बघ की गं आधी." तिने बरोबर ओळखलं होतं. अग्रक्रम माझा होता म्हणून धडकल्यावर गुडघा कमी दुखत नाही. त्यामुळे मी वरच थांबते, मागचे सगळे जाऊ देते, पट्टा मोकळा झाला की एका दमात खाली. मधे कुठेच थांबायचं नाही, सहावा नियम तेच सांगतो, अरुंद जागी किंवा जिथे दिसत नाही तिथे गरजेशिवाय थांबू नका. पाचवा नियम मला सगळ्यात आवडतो. उतारावर वरच्या दिशेने जाणाऱ्यानेही आधी वर-खाली बघावं असं त्यात आहे. कार्व्हिंगवाले टर्नच्या शेवटी वर चढतात ना, त्यांनाही तो तंतोतंत लागू पडतो. काही हार्डबूटवाले अशा वेळी "आम्ही पुढे होतो" म्हणून भांडतात, मला ते पटत नाही. रुंदी सगळ्यांची आहे, मला ती सगळी हवी असेल तर मी वाट बघायची.

आणि ही वाट बघायची सवय लागलेली बरी, कारण रुंद उतार कमी होत चाललेत. २०२३ च्या नववर्षाला युरोपात जी उष्ण हवा होती तेव्हाचे फोटो बऱ्याच जणांनी बघितले असतील, हिरवंगार कुरण आणि मधून बर्फाचा एक पांढरा पट्टा, त्यावर मुंग्यांसारखी माणसं. ब्राउनेक, सुडेलफेल्ड यांचे माथे दीड हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे पाऊस आणि बर्फ यांच्यातली सीमा कित्येकदा त्यांच्या डोक्यावरच असते. कृत्रिम बर्फाच्या तोफांना शून्याखाली दोन-तीन अंश तरी हवेत, तेही हवा कोरडी असेल तर, आणि ते दोनच रात्री मिळाले तर जेवढा बर्फ पडेल तेवढाच पसरतात. चाळीस मीटरचा उतार मग बारा मीटरचा होतो. निळ्या उताराचा चढ पंचवीस टक्क्यांपर्यंत, लाल चाळीसपर्यंत, त्यापुढे काळा, असे इथले रंग ठरलेत, पण रुंदीला रंग नाही. निळ्या पाटीचा बारा मीटरचा पट्टा शनिवारी दुपारी काळ्यापेक्षा अवघड असतो हे कुणी पाटीवर लिहीत नाही. अशा दिवशी मोठे बोर्डवाले, म्हणजे वीस मीटर त्रिज्येचे एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटरचे लांब बोर्ड घेऊन आलेले, पार्किंगमधूनच परत जातात. साठ अंशांना कललं तरी त्यांना वीस मीटर रुंदी लागते, बिचारे जातील कुठे.

मी यंदा नवीन बोर्ड मागवलाय, नऊ मीटर त्रिज्येचा. बनवणाऱ्याने वजन विचारलं, बुटाचा साइझ विचारला, आणि कुठे चालवणार ते विचारलं, त्यावर मी बराच मोठा निबंध पाठवला. नवऱ्याचं म्हणणं की एका मीटरच्या फरकासाठी एवढे पैसे कोण घालतं. त्याला साठ अंशांचा हिशोब करून दाखवला, दहाचा पाच होतो, नऊचा साडेचार, म्हणजे रुंदीत अख्खा एक मीटर वाचतो. तो स्की करतो, त्याला दोन फळ्या आहेत, त्याला हे पटणार नाही. मागच्या बाइंडिंगचा कोनही तीन अंशांनी कमी करून बघणार आहे, टाचेकडच्या टर्नला त्याने कमरेत जास्त वाव मिळतो का ते कळेल. थंडी पडली तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोफा सुरू होतील, आणि पहिला पट्टा उघडेल तो अरुंदच असणार.